जावईबापूंची लॅब

प्रिय ठमे,

पत्र शाळेच्या पत्त्यावर आलेलं बघून दचकू नकोस. घरी पाठवलं असतं तर आधी जावईबापूंच्या हाती पडलं असतं, आणि फोनवर बोलताना तू नेहमी त्यांच्या उशाशीच असतेस. मधल्या सुट्टीत बाकीच्या बाया चहाला गेल्या की वाच.

त्यांचं सामान जमलं. कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे दोन स्विच, एक राउटर आणि केबली. कंपन्यांनी काढून टाकलेला माल माझ्या दुकानात येतो आणि नेटवर्किंगची परीक्षा देणारे तो नेतात. नवीन यंत्रं परवडत नाहीत, मग घरच्या टेबलावर जुन्यांची लॅब मांडतात. गिऱ्हाईक आलं की मी आधी सांगतो, बाबा रे, लॅपटॉपवर फुकट सराव होतो, हे लोखंड कशाला उचलतोस? एवढं खरं बोललं की माणूस जास्तच काहीतरी घेऊन जातो. जावईबापूंनाही तेच सांगितलं. म्हणाले, दादा, आयुष्यभर दुसऱ्यांच्या ऑफिसात वायरी ओढल्या, परीक्षा तेवढी राहिली. आणि स्क्रीनवरची वायर हाताला लागत नाही हो.

आता तुझं. तू मला हळूच म्हणालीस, बंद पडलेलंच काहीतरी दे, नुसतं समोर ठेवायला, परीक्षेपर्यंत कुठे... आणि वाक्य तिथेच सोडून माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस. मी रागावलो नाही. डॉक्टरांनी तुला बाहेर बोलावून जे सांगितलं, ते तू एकटी वागवते आहेस. पण वेडे, जो माणूस स्विचवरचे दिवे बघून कुठे काय बिनसलंय ते ओळखतो, त्याच्यापुढे मेलेला डबा ठेवणार? बघताक्षणी पकडला असता, आणि मग तुझ्या तोंडाकडे बघितलं असतं. म्हणून चालणारंच निवडलं. एकेका पोर्टला वायर लावून पाहिली. एकाचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता, तो पुसून कोरा केला. राउटर फार जुना घेतला नाही, तसल्यावर परीक्षेतलं निम्मं चालत नाही. हसशील, पण परीक्षेला खरंच बसणाऱ्या माणसासाठी निवडतो, तसंच निवडलं. दुसरं मला जमत नाही.

स्विच मात्र बदलावे लागले. घरासाठी मी बिनपंख्याचेच देतो. ऑफिसातल्या स्विचांना गार ठेवणारे आतले पंखे लहान खोलीत असे घोंघावतात की बायको यंत्रासकट नवऱ्याला बाहेर काढेल. तसेच बांधून ठेवले होते. परवा तू शाळेत असताना जावईबापूंचा फोन आला. दादा, पंख्यावाले द्या, जितका मोठा आवाज तितकं बरं. मी म्हटलं, अहो, बहीण माझ्या नावाने खडे फोडेल! ते हसायला गेले आणि श्वास पुरेना. दोन शब्दांच्या मधे छातीत वाजणारी शिट्टी मला इथवर ऐकू येत होती, ठमे. मग म्हणाले, ती भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेते आणि माझे श्वास मोजते. एखादा लांबला की लगेच हात येतो. घरात दुसरा आवाज असला तर तिचा डोळा लागेल. अभ्यास चाललाय म्हणेन.

आणि परीक्षा, असं मी विचारलं. कसली परीक्षा, दादा, म्हणाले; पण तिला कळू देऊ नका, तिला अजून आशा आहे. मी हो म्हटलं. तो शब्द मोडायलाच हे पत्र लिहितोय. त्यांना सगळं माहीत आहे. ते तुझ्यापासून लपवताहेत, तू त्यांच्यापासून, आणि दोघांना हो हो म्हणत मधे मी. तुला धीर येईल असं काहीतरी लिहावं म्हणून बराच वेळ कागद पुढ्यात घेऊन बसलो. काही सुचलं नाही, कारण तसं काही नाही. बोललात म्हणून त्यांचे दिवस वाढणार नाहीत. तरी बोल. रविवारी सामान घेऊन येतोय. तोवर बोलली नसशील, तर त्यांच्यासमोर मला विचारावं लागेल, काय जावईबापू, परीक्षा कधी? ते एखादी तारीख सांगतील, आणि तू मान हलवशील. ते माझ्याच्याने बघवणार नाही.

तुझाच,
भंगारवाला दादा