चिमूटभर पावडर आणि तुम्ही पाठवलेला काटा

आदरणीय लेलंड,

तुम्हाला आणि इंगावहिनींना हार्लनचा मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा नव्या वर्षात तरी सरळ वागतोय ना? वहिनींचा खोकला गेला असेल, आणि गेला नसेल तर त्यांनी निदान डॉक्टरला दाखवला असेल, अशी आशा करतो. इकडे सर्व काही ठीक आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. थंडी इतकी आहे की दाराची कडी हातमोज्याला चिकटते, तुमची बहीण आर्लिस ठणठणीत आहे, आणि मी मात्र वैतागून गेलोय. वैतागाचं कारण म्हणजे नाताळला तुम्ही पाठवलेला डिजिटल काटा. (भेट फारच सुंदर होती. खोक्यावरची फीत तुमच्या बहिणीने जपून ठेवली आहे.)

तुम्हाला ठाऊकच आहे, मी उभं आयुष्य गावच्या धान्यकोठारावर वजनं करण्यात घालवलं. गव्हाचा ट्रक काट्यावर चढायचा, मी आकडा लिहायचो, ट्रक उतरायचा. ड्रायव्हर आत बसलाय की कॉफी प्यायला गेलाय, याने काट्याला काही फरक पडत नसे. निवृत्तीनंतर मात्र मी तळघरात बसून काडतुसांत भरायची पावडर मोजतो. तिच्या वजनाच्या मापाचं नावच 'ग्रेन', म्हणजे दाणा. ट्रकभर दाणे मोजलेल्या माणसाच्या नशिबी म्हातारपणी चार-पाच दाणे मोजणं आलं, आणि तेही जमेना! (चर्चमधल्या नव्या पाद्रीबाईंना मी सहज सांगितलं की हल्ली दुपारी तळघरात पावडर मोजतो, इवल्याशा काट्यावर. तेव्हापासून त्या आर्लिसचा हात जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवतात.)

तुम्ही मासे पकडणारे, म्हणून थोडं सांगतो. नेमबाजीच्या क्लबात आर्लिस वडिलांचं, म्हणजे तुमच्याच वडिलांचं, जुनं रिव्हॉल्व्हर चालवते, आणि माझ्यापेक्षा पुष्कळ बरं चालवते. उडवलेल्या पुंगळ्या आम्ही घरी आणतो. मी त्यांत ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवतो, चिमूटभर पावडर घालतो आणि वर गोळी दाबतो. गोम त्या चिमटीत आहे. ती एवढी थोडी असते की पुंगळीचा तळ कसाबसा झाकला जातो. चुकून दुप्पट पडली तरी ती आत गुपचूप मावते, वरून बघून पटकन कळत नाही. रायफलीच्या मोठ्या पुंगळीत हात थोडा चुकला तर खपून जातं, इथे नाही.

तर तुमचा काटा. पहिल्याच दिवशी मी रिकामी वाटी ठेवली, शून्य केलं, पावडर घातली. आकडा आला. मी समाधानाने श्वास सोडला, आकडा बदलला. श्वास धरला, तर हीटरचा पंखा सुरू झाला आणि आकडा पुन्हा हलला. पंखा बंद केला, तर वर आर्लिसने कार्पेट झाडायचं यंत्र चालू केलं. लोकरीचा स्वेटर घालून नुसतं जवळ वाकलो तरी आकडा चढायचा, आणि पावडरचे कण प्लॅस्टिकच्या वाटीला असे चिकटून बसायचे की जणू त्यांना माझ्या हाताखाली काम करायचंच नाही. शेवटी मी सगळ्या घराचा हीटर बंद केला. थोड्या वेळाने कोट-टोपी घालून तुमची बहीण जिन्यावर उभी.

"हार्लन, मी काय हरणाचं मांस आहे का, गोठवून ठेवायला?"

"आकडा स्थिर होत नाहीये गं!"

"आकडा राहू दे. नळ गोठले तर ते काय तू चमच्याने वितळवणार?"

हीटर सुरू झाला. माझं डोकं त्याआधीच तापलं होतं. मी काटा बाजूला सारला आणि टेबलाला बसवलेल्या मापाच्या यंत्रावर भरवसा टाकला. वर नळकांड्यात पावडर, बाजूला दांडा. दांडा फिरवला की खाली एक चिमूट पडते. एरवी मी अधूनमधून चिमूट काट्यावर तपासतो. त्या दिवशी एकही तपासली नाही. आमची पावडर चपट्या पापुद्र्यांची आहे, आणि थोड्याशा मापाला ती कधी कधी आतच अडून बसते. मग एका पुंगळीत काहीच पडत नाही आणि पुढचीत दोघींचं पडतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

शनिवारी सामना होता. आर्लिस सगळ्यांच्या पुढे होती. शेवटच्या फेरीत तिने चाप ओढला आणि आवाज आला तो बाटलीचं बूच उघडल्यासारखा. झटका नाही, लक्ष्यावर भोक नाही. आमचे सुरक्षाप्रमुख व्हर्लिन हाउगेन बैलासारखे ओरडले, "थांबा! बोट काढा!" पण तिचं बोट आधीच निघालं होतं. तिने रिव्हॉल्व्हर लक्ष्याकडे तोंड करून धरून ठेवलं, वाट पाहिली, मग रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. काडतुसात पावडरच नव्हती, नुसत्या टोपीच्या धक्क्याने सुटलेली गोळी नळीतच अडकून बसली होती. तशीच पुढची झाडली असती, तर नळी तिच्या हातात फुटली असती.

व्हर्लिन म्हणाले, "काय रे, टोपीवरच भागवलंस? पावडर महागली की काय?" सगळे हसले. मीही हसलो.

घरी येऊन मी उरलेली सगळी काडतुसं उघडली. पोकळ हातोड्यात एकेक काडतूस अडकवून ओंडक्यावर आपटायचं, की गोळी सुटून येते. रिव्हॉल्व्हरात त्याच्या पाठोपाठ झाडलं जाणार होतं ते काडतूस मी वेगळं ठेवलं होतं. ते शेवटी उघडलं. त्यात दुप्पट पावडर होती. मी जिन्याच्या पायरीवर बसलो. वर आर्लिस भांडी घासत होती, ते ऐकत राहिलो.

तेव्हा लेलंड, तात्पर्य हे की असले नाजूक काटे शहरातल्या सोनारांना द्यावेत, आम्हाला नकोत. रागावू नका. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला शेक.

आपला,
हार्लन स्कोग्स्टाड

ता. क. काटा परत पाठवत नाहीये, कारण तो सध्या आर्लिसकडे आहे. रविवारपासून तळघर तिने ताब्यात घेतलंय. टेबल तिने ओल्या फडक्याने पुसलं, प्लॅस्टिकची वाटी फेकून पितळी ठेवली, काट्याभोवती पुठ्ठ्याचा आडोसा केला, आणि काटा आधी बराच वेळ नुसता चालू ठेवून मग ती बसते. आता हीटर चालू असतानाही आकडा हलत नाही. मी वर बसून बटाटे सोलतो. तर खरी विनंती अशी की तिला तुम्ही फोन करा आणि मोठा भाऊ म्हणून सांगा, की हार्लनला खाली येऊ द्यावं. तुमचं ती ऐकते.

ता. क. २. लेलंडदादा, हे मी आर्लिस लिहितेय. पाकीट चिकटवायला त्याने माझ्याकडेच दिलं. फोन करू नकोस. मी त्याला खाली यायला कधीच मनाई केलेली नाही. तळघराला कडीसुद्धा नाही. त्या शनिवारनंतर तोच दारापर्यंत येतो आणि परत फिरतो. मी एकेक चिमूट मोजते, पण भरल्यावर प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघायला दुसरे डोळे लागतात, आणि मला त्याचेच हवेत. खाली दुसरी खुर्ची मांडून ठेवलीय. आता वर जाऊन हाक मारते.