दहाच्या जागी तीसचा फ्यूज

रविवार, ९ नोव्हेंबर

निघाला एकदाचा! कॅरॅव्हॅनच्या छपरावरचा जुना फॅन. शारजाच्या यार्डात छपरावर उपडं पडून दोन तास स्क्रू काढत होतो. आत नुसती वाळू – मोटर जाम, पाती वितळल्यासारखी वाकडी. आता छपराला चौकोनी भोक आहे आणि त्यातून खाली आपलाच पलंग दिसतो.

शेजारच्या गॅरेजचा खानभाई खालून ओरडला, "विन्स्टन, मेरा इलेक्ट्रिशियन भेजूँ?" नको म्हटलं. आठवडाभर दुबईत जेएलटीच्या टॉवरमध्ये एकविसाव्या मजल्यावर बसून एक्सेल भरतो. स्वतःच्या हातानं करतो असं हे एकच काम आहे. ऑड्री म्हणते, तुझी बायको मी की कॅरॅव्हॅन!

ऑफिसातल्या सतीशनं शुक्रवारी कॅरॅव्हॅन मागितली आहे. त्याची मुलगी दिया नऊ वर्षांची होतेय, तिला वाढदिवस वाळवंटात हवाय. लिवाला जाणार. फॅन बसलाच पाहिजे.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ऑफिसातून थेट यार्डात. नवा फॅन भोकात बसला. किंचित घट्ट, पण दाबून स्क्रू पिळले, कडेनं सीलंट भरलं. वायर जोडली, बटण दाबलं – दहा अँपिअरचा फ्यूज उडाला. दुसरा घातला. तोही उडाला! वायरी तपासल्या, सगळं बरोबर दिसतंय. अंधार पडला. घरी आलो ते चिडूनच.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

चालला! दहाचे फ्यूज उडत होते म्हणून तीसचा घालून बघितला. चालतो का एवढंच बघायचं होतं. काय हवा खेचतो! मोटरचा आवाजसुद्धा नाही. खालून खानभाईनं अंगठा दाखवला. तेवढ्यात ऑफिसचा फोन – बॉसला रिपोर्ट आत्ताच हवा. फ्यूजचा डबा मिटला, हात पुसले, पळालो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दुपारी सतीश कॅरॅव्हॅन घेऊन गेला. त्याच्या बायकोनं, मनोरमानं, पुढच्या सीटवरून हात हलवला. दियाला फॅन कसा चालू करायचा ते मीच दाखवलं. "इट्स सो कूल, अंकल!" संध्याकाळी सतीशनं मुक्कामाचं लोकेशन पाठवलं – इथून पुढं नेटवर्क नाही, भेटू रविवारी.

शनिवार, १५ नोव्हेंबर, सकाळी नऊ

ऑड्री मशीनला कपडे लावत होती. "तुझ्या पँटच्या खिशात हे काय?" दोन फ्यूज. दहाचे. न वापरलेले.

तीसचा तसाच राहिला. मी बदललाच नाही.

बारीक वायर, तिच्यावर तीसचा फ्यूज. दहाचा उडत होता म्हणजे कुठंतरी शॉर्ट होता. तो सापडलाच नव्हता! आता वायर जळेल पण फ्यूज उडणार नाही. आणि वायर जाते ती पलंगाच्या वरून.

सतीशचा फोन – आउट ऑफ कव्हरेज. मनोरमाचा पण. आठ वेळा लावला. ऑड्री म्हणाली, पोलिसांना फोन कर. काय सांगू? काही झालं की नाही तेच माहीत नाही. निघतो. चार तास लागतील.

दुपारी बारा, पेट्रोल पंपावर

अजून दीडशे किलोमीटर. फोन लागत नाही. पाच मिनिटं थांबलो. लिहिलं की थोडं बरं वाटतं. लांब कुठं धूर दिसला की वेग वाढवतो. दर वेळी धूळच असते. देवा, धूळच असू दे.

संध्याकाळ, घरी

जिवंत आहेत. तिघंही. हे आधी लिहितो.

रस्त्याच्या कडेला टेकडीपाशी कॅरॅव्हॅन उभी. बाहेर चटई, त्यावर दिया, अंगावर आईची शाल. सतीशच्या उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं. मी गाडी तशीच चालू सोडून उतरलो.

सकाळी साडेसातला फॅनपाशी धूर निघाला. पलंगावर गरम प्लास्टिकचे थेंब पडायला लागले. सतीश म्हणाला, "दिया झोपलेली, मी बाजूलाच. उचललं तिला आणि बाहेर. मग बॅटरीची वायर उपटली, त्यात हात भाजला." उशी जळाली. छत फॅनभोवती काळंठिक्कर.

मनोरमा म्हणाली, "मी शेजारच्या कॅम्पवर चहाला गेले होते रे. हा आत होता म्हणून बरं! नाहीतर..."

दिया गप्प. माझ्याकडे बघेना.

"पण तू इथं कसा?" सतीशनं विचारलं. मी म्हणालो, फोन लागेना, काळजी वाटली. त्यानं मला मिठी मारली. मिठी! "जुनी गाडी आहे, वायरिंग जुनं असणार. तू काय करणार त्याला?"

मी मान हलवली. फक्त मान हलवली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सतीशनं ऑफिसभर सांगितलंय. फोन लागेना म्हणून विन्स्टन लिवापर्यंत धावत आला. हुमेरानं माझ्या टेबलावर चॉकलेट ठेवलं. बॉस म्हणाला, "हबीबी, फ्रेंड असावा तर असा." चॉकलेट ड्रॉवरमध्ये टाकलं. जेवण गेलं नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

यार्डात जाऊन फॅन उतरवला. सापडलं. फॅनच्या कडेचा एक स्क्रू सरळ वायरीतून गेलाय. मीच पिळलेला. घट्ट बसतोय म्हणून दाबला होता ना, तेव्हाच. वायरिंग जुनं नाही, काही नाही. आधी स्क्रू मारून शॉर्ट केला आणि मग तो शॉर्ट सांगणारा फ्यूज गप्प केला. दोन्ही माझंच.

ऑड्रीला सगळं सांगितलं. तिनं हातातली कणीक ठेवली. "सतीशला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस?"

ती परत कणीक मळायला लागली.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सांगितलं. लंचमध्ये, तळ्याकाठच्या बाकावर. जळकी वायर रुमालात बांधून नेली होती, ती त्याच्या मांडीवर ठेवली. म्हणालो, "वायरिंग जुनं नव्हतं. माझा स्क्रू, माझा फ्यूज. मला शनिवारी सकाळीच कळलं होतं, म्हणून आलो. काळजीनं नाही, भीतीनं आलो."

वाटलं, शिव्या देईल. हात उचलला असता तरी चाललं असतं. तो वायरीकडे बघत बसला. चेहरा पांढराफटक. मग उठला आणि ऑफिसच्या टॉवरकडे चालायला लागला. वायर घेऊनच गेला. दुपारनंतर डेस्कवर नव्हता. हाफ डे टाकलाय म्हणे.

मनोरमाला सांगत असणार. सांगू दे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

ऑफिस सुटल्यावर पार्किंगमध्ये माझ्या गाडीशी सतीश उभा. मी तोंड उघडण्याआधी म्हणाला, "मी आत नव्हतो, विन्स्टन. ऑफिसचे मेसेज बघायला नेटवर्क शोधत टेकडीवर गेलो होतो. दिया उठून वाळूत भटकेल म्हणून दार बाहेरून लावलं. धूर बघून खाली पळत आलो, तोवर ती आतून दार बडवत होती. आणि मीच तिला म्हटलं – मम्माला सांग, बाबा आत होता." मग तो रडला. भाजलेला हात तोंडावर धरून.

मी म्हणालो, "चल. दोघं मिळून सांगू मनोरमाला."

ते राहतात त्या टॉवरच्या लॉबीत उभे राहिलो. तीन लिफ्ट आल्या आणि गेल्या. चौथ्यात तो आधी शिरला.