आखरातला कोरडा

मी, पत्रू वल्द लटारू, वय पासष्टीच्या आसपास, धंदा गावची गुरे राखणे, राहणार मौजा मोहबोडी, सिंदेवाहीजवळ, तहसील ब्रह्मपुरी, जिल्हा चांदा, हा लेख खाटेवर बसून सांगत आहे. छातीत कफ भरला आहे, डोके जागेवर आहे. कोणी मला दारू पाजलेली नाही की धाक घातलेला नाही. लिहिणारे गुणवंतराव मास्तर मधून मधून "हे यात नाई लिहीत, पत्रूभाऊ," असे म्हणतात. मी "लिवा" म्हणतो.

कलम १. राहते कवेलूचे घर व परसातले मोहाचे झाड माझी मुलगी देवका हिला द्यावे. नवऱ्याने टाकल्यापासून ती माझ्याजवळ आहे. पुतण्या इस्तारी याला मोहफुले वेचू द्यावी, झाडाला हात लावू देऊ नये.

कलम २. कुऱ्हाड इस्तारीला. मागून नेली ती परत आलीच नाही, तेव्हा कागदावरही त्याचीच असू द्या.

कलम ३. कोरडा. अंबाडीचा, तीन पदरी, धामणीच्या लाकडाच्या लवचिक दांड्याचा. तो देवकाला. यावर भांडण होणार म्हणून सविस्तर सांगतो.

मी तिला तळ्याच्या पाळीखाली शिकवले. फांदीला पळसाचे पान टांगायचे. आवाज पानाजवळ फुटावा, पान हलावे, पण फाटू नये. पहिला सगळा उन्हाळा तिने पाने फाडली. एकदा स्वतःचा कानही फोडून घेतला, हळद दाबली आणि पुन्हा उभी राहिली.

"खांदा नोको लावू बाई, मनगट सोड," मी म्हणायचो. "माशी हाकलतेस, तेवढंच."

"माशी मरत नाई बाबा, पान फाटते!"

मग तिने आपल्या डोक्याने कोरड्याचा शेंडा उसवून तिथे बारीक वळलेली अंबाडी जोडली. आवाज साफ झाला. पावसात भिजून कोरडा जड होतो, तेव्हा हात आधी उचलावा लागतो. हेही तिचे तिनेच शोधले. मला ते ठाऊक होते, पण मी सांगितले नव्हते.

कलम ४. इस्तारीविषयी. त्याच्या कोरड्याचा आवाज माझ्याहून मोठा आहे, खोटे कशाला बोलू? पण त्याचा कोरडा हवेत थांबत नाही, पाठीवर पडतो. पंचांतले रामाजीभाऊ, त्यांच्या कपिला गाईला त्याने वळ उठवले आणि ते झाकायला वर राख फासली. तेव्हापासून ती गाय आवाज ऐकला की गावाकडे न येता जंगलात पळू लागली. तिथे वाघ आहे हे तिला आमच्यापेक्षा चांगले कळते, तरी पळे. देवकाने दुरून हलका आवाज काढावा आणि मिठाचा हात पुढे करावा, असे करत करत तिला पुन्हा आवाजाला वळवले. रामाजीभाऊंनी गाय घरी बांधून घेतली, पण पोरीचे नाव काढले नाही.

कलम ५. गुरे राखण्याचे काम गावाचे आहे, ते मला वाटून देता येत नाही. ते गेले तर देवकाला घर राहील पण चूल पेटणार नाही, आणि जिथून मार खाऊन आली त्या नवऱ्याच्या दारीच परत जावे लागेल. मला याचीच भीती आहे, बाकी कशाची नाही. पंचांत रामाजीभाऊ म्हणाले, "मरद माणूस असताना बाईच्या हाती कोरडा काऊन द्याचा?" म्हणून अट घालतो. पंचांनी ती ऐकून मान्य केली आहे.

माझी तिरडी सकाळी आखरातून न्यावी, गुरे तिथे गोळा होतात त्या वेळी. रात्रभर थांबावे लागले तरी थांबावे. देवकाने रोजच्यासारखा कोरडा वाजवावा. गुरे रानाच्या वाटेला लागली तर काम तिचे. माझ्यामागे आली किंवा बावरून पांगली तर काम इस्तारीचे, आणि माझी काही तक्रार नाही.

कलम ६. तिरडीवर नवे कापड घालू नये. माझी घोंगडी घालावी, न धुता. तिचा वास सगळी गुरे ओळखतात. नवी व्यालेली गायसुद्धा वासरू सोडून तिला हुंगायला येते.

इथे मास्तरांनी टाक खाली ठेवला. "पत्रूभाऊ, मंग तर ढोरं तुमच्याच मागं येतीन. पोरीले काऊन अडचणीत टाकता?"

ती जिंकावी असे मला फार वाटते. इतके, की माझ्या मनाचा मलाच भरवसा नाही. मेलेल्या बापाने लेकीला ढील दिली, असे उद्या तिला कोणी ऐकवता कामा नये. मी मास्तरांना म्हटले, तिला ही घोंगडी जड वाटत असेल तर ते कलम खोडा. तीच सांगेल.

देवका दाराआड उभी होती. ती म्हणाली, "राऊ द्या बाबा. धुवू नोका."

म्हणून खोडले नाही. सर्व मजकूर वाचून दाखवला, मी ऐकला, बरोबर आहे.

निशाणी डाव्या अंगठ्याची : पत्रू वल्द लटारू

साक्षीदार :
१. रामाजी वल्द वारलू, सही
२. पोचू वल्द भैयाजी, अंगठा

दस्तुर : गुणवंतराव मास्तर
मौजा मोहबोडी, ता. ३ डिसेंबर १९५७