दुओपचं वेगळं भांडं

गांबेला (सीमेपलीकडची छावणी), ता. ३ मार्च

ती. न्याबुओमताईस,
धाकट्या गातवेचचा सा. न. वि. वि.

निरोप पोचला. राजधानीत समेट मोडला, आपल्याकडच्या सेनापतीने बाजू बदलली आणि त्या पळापळीत दुओप बायकापोरांसह तुझ्याच गावी अन्न मागायला आला म्हणे. बरं झालं. बाबांना मारून दोन वर्षं झाली, तरी हा शपथा खातो की मी तिथे नव्हतोच. मदतीची यादी तुझ्या हातात आहे ना? खोड त्याचं नाव. जमत नसेल तर कळव, मी बंदूक घेऊन येतो. लहानपणी माझ्या वाटणीचं दूध पिऊन साळसूद चेहऱ्याने बसायचीस, तशी आता बसू नकोस.

आईला सांभाळ. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा, गातवेच

पागेर, ता. २९ मार्च

चि. गातवेच यास, अ. उ. आ.

दुधाचं अजून विसरला नाहीस! नाव मी खोडलं नाही. भुकेल्याचं नाव खोडायची नोकरी मी करत नाही.

मदतीच्या विमानातून टाकलेली ज्वारीची पोती बंदूकवाले रात्रीतून उचलून नेत होते. मदतवाल्या साहेबांच्या बैठकीत मी म्हटलं, पोती वाटणं बंद करा, शिजवून वाढा. गरम पेज खांद्यावर टाकून कोण पळेल? साहेबांनी माझ्या अकलेची तारीफ केली. अक्कल होतीच, पण पोटात दुसरंही काही होतं.

पहिल्या दिवशी दुओप रांगेत आला. बायकांनी पुरुषांदेखत खायचं नसतं, पण मी लाज गुंडाळून ठेवली. भोपळ्याच्या मोठ्या तुंब्यातली पेज त्याच्यासमोर प्यायले आणि तोच तुंबा त्याच्यापुढे धरला. मारणाऱ्याच्या आणि मेलेल्याच्या घरच्यांनी एका भांड्यातलं खाल्लं तर मरण येतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. खून केला नसेल तर पी म्हटलं.

त्याने हात पुढे केला नाही. त्याच्या धाकट्या पोरीने तुंब्याला हात घातला, तर तिचा हात त्याने झटक्यात मागे ओढला. सगळं गाव बघत होतं.

पोरांनी काय केलंय? त्यांना आणि त्यांच्या आयांना मी वेगळ्या चुलीवरचं, वेगळ्या भांड्यांत दिलं. त्यालाही वेगळं मिळालं असतं, पण ते मागायचं म्हणजे का मागतो ते सांगणं आलं. तीन दिवस तो उपाशी बसून राहिला. मला मजा वाटली, खोटं कशाला लिहू.

चौथ्या दिवशी साहेबांनी विचारलं, हा माणूस जेवत का नाही. मी म्हटलं, त्यालाच विचारा. त्याने खाली मान घालून सगळ्यांसमोर बाबांचं नाव घेतलं. कुठल्या चिंचेखाली पुरलं तेही सांगितलं. आई ऐकत होती. मग मी स्वतः त्याला वेगळ्या भांड्यात वाढलं.

बंदूक आणू नकोस. गोळी एकदाच लागली असती. आता हा रोज दोनदा गावासमोर ते भांडं हातात घेतो.

तू नुसता ये. बाबांना घरी आणायचंय, आणि आईला एकटीला ते उकरू देणार नाही मी. तोवर या भांडकुदळ ताईवर जीव असू दे.

तुझी, न्याबुओम