मीराच्या चक्कीवरचा पाला

प्रिय मीरा,

तुहे फोन येऊन राह्यले, मी उचलले नाई. फोनवर तू रडशीन आन् मी इरघळीन. म्हणून लिहून राह्यली. अक्षर वाईट आहे, वाचून घेजो.

जयाले पोरगी झाली, चांगलं झालं. तू तिच्या बाळंतपणाले हिंगणघाटले गेली आन् इकडं सिंदी मेघेतली तुही चक्की बंद पडली. माह्या शेडमदी ब्रॉयलरची नवी पिल्लं आलती. मंग मीच घरी उखळात पाला कुटला. तू दर खेपेले दळून देत होती तोच शेवगा, तोच अडुळसा, तीच हळद आन् लसूण. खाद्यात कालवून चारला. थोड्याच दिवसांत पाखरं शिंकाले लागली, पंख पाडून कोपऱ्यात बसली. रोज सकाळी मेलेली उचलून खड्ड्यात पुरत होती. मले वाटलं, माहा हातच चुकला. कुटणं जाड राह्यलं असंन म्हणून फडक्यातून गाळलं. तरी मरतच राह्यली.

तुहे घरवाले कवडूभाऊ बंद चक्कीची झाडझूड करतानी भेटले, त्यायले सांगतलं. ते हसले. म्हणे, वहिनी, मीरा दर खेपेले दळतानी त्यात औषधाच्या दुकानातली पुडी टाके, ती राह्यली असंन. तुमाले माहीत नाई का?

मले माहीत नव्हतं, मीरा. बचत गटाच्या बायांपुढं मी छाती ठोकून सांगत होती, माह्या पाखरायले औषधाचा कणही नाई, नुस्ता पाला. तू बाजूले बसून मान हलवत होती. चतुराबाईनं दुखण्यातून उठलेल्या नातवाले माह्याच शेडची कोंबडी चारली, ते याच भरवशावर. माही पाखरं मरू नये म्हणून तू टाकली असशीन, एवढं मले समजते. पयली खेप मेली तवा तुह्याच ओट्यावर बसून रडलती मी. पण मंग माह्या कानात सांगाचं होतं. शिव्या देल्या असत्या, दुसरं काय केलं असतं.

तेही गिळलं असतं. पण मले तुहे गुरुवार आठवले. मी कोंबडी घेऊन आली का तुहा गुरुवार, नाई तं चतुर्थी. जया पोटुशी होती तवा तिच्यासाठी धाडू का म्हटलं, तं तू म्हणली, तिले वास सहन होत नाई. मी खरं मानलं. दुसऱ्याच्या लेकराले चालते, तुह्या लेकीले चालत नाई.

काल चतुराबाईच्या घरी जाऊन सगळं सांगून आली. तिनं दार लावून घेतलं. तुहं नाव मी घेतलं नाई. सोमवारी गटाची बैठक आहे, तिथंही मी माहंच सांगीन. तुहं तू सांगजो.

जगली त्यातला एक कोंबडा तुह्यासाठी ठेवला. बारीक आहे, पण नुस्त्या पाल्यावर वाढला. रविवारी जेवाले येजो. रविवारी तुहा कोणताच उपास नसते, मी आठवून पाह्यलं.

तुहीच म्हणावं का नाई, ते तुहं ताट पाहून ठरवीन,
जयवंता