चिरागवर पडलेले फिशपाँड

३ जानेवारी, दुपार
चिठ्ठी फटीत अडकली. फिशपाँडच्या पेटीची फट अरुंद आहे आणि मी कागद जाड घेतला होता. पट्टीने ढकलत होतो, तेवढ्यात भाविका आली. ती कमिटीत आहे. गॅदरिंगला माइकवर फिशपाँड तीच वाचते. म्हणाली, अरे, नाव न घालता टाकायचे असतात ते, एवढी झटापट केलीस तर सगळ्या कॉलेजला कळेल. मी म्हटलं, फट साफ करतोय. ती म्हणाली, बरं. चिठ्ठी आत गेली. पट्टीही गेली.
पहिला वार झाला.

३ जानेवारी, संध्याकाळ
कारण लिहून ठेवतो.
गेल्या वर्षी भरल्या हॉलमध्ये माझ्यावर फिशपाँड पडला. 'निकेत भाषणाला उभा राहिला की खुर्च्यासुद्धा घरी जातात.' ज्याच्यावर पडतो त्याने उभं राहायचं, असा नियम. राहिलो. सगळ्यात मोठ्याने हसला तो आमच्या वर्गातला, थळचा चिराग. शेजारच्याला टाळी दिली. लिहिलाही त्यानेच. पुरावा नाही. गरजही नाही.
मी तडक बाहेर पडलो. त्याआधीच्या वर्षी टायफॉइड होता. म्हणजे गॅदरिंग शेवटपर्यंत मी कधी पाहिलेलं नाही. पाहण्यासारखं काही नसावं.
आता टी.वाय., शेवटचं वर्ष. गॅदरिंगच्या शेवटी टी.वाय.तर्फे एकजण निरोपाचं भाषण करतो. कोण करणार, ते अजून जाहीर नाही. पण प्राचार्यांपुढे दुसरं नाव असणं शक्य नाही. भाषण तयार आहे. सुरुवात: 'दीड शतक उभ्या असलेल्या या दगडी भिंती आज मला विचारताहेत...' काय विचारताहेत ते नंतर ठरवू. मी बोलताना चिराग समोर मान खाली घालून बसलेला हवा. एवढंच.

४ जानेवारी
संकल्प. रोज चहाआधी फिशपाँड लिहायचे. सगळे चिरागवर. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डावा हात, जांभळी शाई.
आजचा: 'चिराग लेक्चरला दिसला की सर विचारतात, आज समुद्र खवळलाय का?' त्याच्या घरची बोट आहे, तो निम्मे दिवस तिच्यावरच असतो. क्रूर आहे. इलाज नाही.
मुसअबने वाचला. माझा रूममेट, श्रीवर्धनचा. पोट धरून हसला. म्हणाला, माशाल्ला, हा ज्याच्यावर पडेल तो वर्षभर मिरवेल. मी समजावलं की हा टोमणा आहे. तो म्हणाला, बाबा रे, ज्याच्यावर जास्त पडतात त्याचं शेवटी काय करतात, ते तरी ठाऊक आहे का तुला? मी त्याला तिथेच थांबवलं. सूड एकट्याने घ्यायचा असतो. सल्ले नकोत. शाई आणायला पाठवलं.

७ जानेवारी
चहा आधी झाला. उद्यापासून नंतर.
कँटीनमध्ये चिराग भेटला. म्हणाला, काय निकेतशेठ, हात जांभळा कशानं? जांभलं तर मे महिन्यात येतान. मी म्हटलं, अभ्यास. मग म्हणाला, आय इचारते, तुजा तो भाषनवाला दोस्त कवा येतंय जेवाला?
भाषणवाला. सगळ्यांदेखत. नोंद केली.
जाणार नाही. शत्रूच्या घरी जेवलं की धार जाते.

९ जानेवारी
गेलो. शत्रूचं घर आतून पाहिलेलं बरं, म्हणून.
सुरमई होती. चिरागची आई वाढतच राहिली. खा रं बाला, किती सुकलास, म्हणाली. मी म्हटलं, पुरे. तिने ऐकलं नाही. मीही फार जोर केला नाही. चिरागने मला एसटी स्टँडवर सोडलं आणि गाडी सुटेपर्यंत उभा राहिला. पाळत.
आल्यावर लगेच लिहिला: 'चिरागच्या घरी गेलेल्या पाहुण्याला दोघांनी धरून उठवावं लागतं.' पुन्हा वाचला. विष कमी पडलंय. शाई संपत आली होती, म्हणून टाकला.

१२ जानेवारी
घरून फोन, उरणहून. आमच्या घराण्याची मिठागरं होती; आता बाबांचे ट्रेलर न्हावा शेव्याला कंटेनर ओढतात. म्हणाले, परीक्षा झाली का ऑफिसात बस. मी म्हटलं, आधी एक मोठं भाषण आहे. म्हणाले, ट्रेलरला भाषन देनार हायस का?
या सुडाला वेगळी वही करावी लागेल.

१४ जानेवारी
मोठं यश. भाविका सांगत होती, पेटी जांभळ्या शाईने भरली आहे. कमिटीतल्या मुली अक्षर लावत बसल्या. सगळ्यांचं एकमत: इतकं वाकडं, लाजरं अक्षर मुलीचंच, आणि तिचा चिरागवर फार जीव आहे. रुचिकाचं नाव पुढे आलं. तिने नाही म्हटलं नाही.
पोरगा बदनाम होतोय. मला काही करावंसुद्धा लागलं नाही.
रुचिका आमच्याच वर्गात आहे. पहिल्या वर्षी मी तिला माझं एक भाषण वाचायला दिलं होतं. वाचत असेल.

१७ जानेवारी
आता इतरही चिरागवर टाकू लागलेत. निळी शाई, काळी शाई, एक तर पेन्सिलीने. लोकमत माझ्या बाजूने वळलं.
दुपारी चिराग आणि रुचिका बंदरावर भजी खाताना दिसले. बदनामी इतकी उघड होईल असं वाटलं नव्हतं. मुसअबला सांगितलं. म्हणाला, अल्ला तुला अक्कल देवो.

२० जानेवारी, सकाळ
आज गॅदरिंग. शर्ट इस्त्री केला. भाषण खिशात.
प्राचार्यांनी अजून बोलावलेलं नाही. गडबडीत असतील. ऑफिसबाहेरून तीनचारदा गेलो. शिपाई म्हणाला, काही हरवलं का?

२० जानेवारी, संध्याकाळ
क्रमाने लिहितो.
भाविका वाचायला लागली. पहिला चिरागवर. तो उभा राहिला. हॉल हसला. दुसरा चिरागवर. तिसरा बसायच्या आतच. मागची पोरं ओरडली, आरं बसतंस कशाला, उभाच र्‍हा! मग त्याला स्टेजवर घेतलं. मग खुर्ची दिली. समुद्र खवळल्याचा वाचला तेव्हा मराठीचे सर रुमालाने डोळे पुसत होते. पाहुण्याला उठवण्याचा वाचला तेव्हा पोरांनी बाकं बडवली.
वाक्यं माझी होती. माझ्या वाक्यांना इतके लोक कधीच हसले नव्हते. क्षणभर बरं वाटलं. हे वाक्य नंतर खोडायचं आहे.
पेटी संपली. चिराग मान खाली घालेल म्हणून बघत होतो. त्याने घातली. नमस्कार करायला.
मग प्राचार्य उठले. मी खिशातून भाषण काढलं. ते म्हणाले, कॉलेजच्या जुन्या प्रथेप्रमाणे, ज्याच्यावर सर्वांत जास्त फिशपाँड तो सर्वांत लाडका, टी.वाय.तर्फे तोच बोलेल आणि त्याचं नाव हॉलमधल्या बोर्डावर लागेल. मागच्या भिंतीवर सागवानी बोर्ड आहे. तीन वर्षं मी तो स्कॉलर लोकांचा समजत होतो. मुसअब कानाशी म्हणाला, हेच सांगत होतो. मी म्हटलं, नीट सांगायला पाहिजे होतंस.
मी तोवर अर्धा उभा राहिलो होतो. मागून कोणीतरी म्हणालं, ओ, बसा, दिसत नाय.
चिराग फार बोलला नाही. म्हणाला, मला बोलता येत न्हाय. जांभल्या शाईनं ज्यानी कुनी येवरं लिवलंय त्याचा हात दुखला असंल, त्याला आमच्या घरी जेवान. सगळ्यांनी रुचिकाकडे बघितलं. तिने ओढणी तोंडाला लावली. टाळ्या थांबेनात.
मी यंदा पहिल्यांदा शेवटपर्यंत बसलो. माझ्यावर एकही पडला नाही. लोक घाबरत असावेत.

२१ जानेवारी, सकाळ
भाषणाचा कागद खुर्चीवर राहिला होता, तो आणायला हॉलमध्ये गेलो. झाडलोट झाली होती. बोर्डावर नाव रंगवायला भिकू पेंटर आला होता. त्याची शिडी हलत होती. म्हणाला, जरा धर रे. 'चिराग' लिहून होईपर्यंत धरली.