हनुवटीखालचं माप

४ फेब्रुवारी

चि. भावजी यांस,
अ. उ. आ.

पाकीट बघून दचकू नका. तुमचे दादा आहेत. फोन सोडून पत्र लिहितेय, कारण आमचं घर दोन खोल्यांचं आणि यांचे कान अजून तसेच तिखट. हातपाय गेले, वाचा गेली, पण दुकानात शिलाईची चार मशीनं चालू असताना रस्त्यावरचं बोलणं टिपणारे ते कान शाबूत आहेत. फोनवर मी ‘त्रास वाढलाय’ म्हटलं की आतून डोळे वटारलेच. म्हणून हा कागद, तोही स्वयंपाकघरात बसून.

त्रास मानेचा आहे. नसांचा हा आजार एकेक स्नायू खात जाणार, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. आता पाळी मानेची आली. सकाळी थोडा वेळ डोकं पेलतं. दुपारी ते पुढे पडतं, हनुवटी छातीला टेकते आणि मानेच्या मागे अशी कळ निघते की यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं. आडवं केलं की कळ थांबते, पण आडवं करून भरवता येत नाही, घास श्वासनलिकेत जायची भीती. बसवून भरवावं तर तीन-चार चमच्यांतच दुखण्याने तोंड मिटतात. महिन्यात चार किलो उतरलेत. अठरा मार्चला पुन्हा वजन बघणार आहेत. तोवर सावरलं नाही तर पोटातून नळी घालावी लागेल, आणि श्वास कमजोर झाल्यामुळे तेही सोपं नाही, असं डॉक्टर स्पष्टच म्हणाले. मी ‘बरं’ म्हणून बाहेर आले आणि जिन्यात बसून रडले.

दुकानातून कडक पट्टा आणला होता. तो गळाच आवळतो, दहा मिनिटांत चेहरा लाल. व्यायामाच्या बाई दर गुरुवारी येतात. (अक्षरांच्या पाटीवर यांनी त्यांचं नाव ‘मुकादम’ ठेवलंय. मी एकेका अक्षरावर बोट ठेवते, हवं ते आलं की हे पापणी मिटतात. चार अक्षरी टवाळीला चार मिनिटं लागतात, पण टवाळी सुटत नाही.) त्या म्हणाल्या, हनुवटीला आधार हवा आणि गळा मोकळा हवा. शिवाय लोंबणाऱ्या हातांचं वजनही मानेलाच ओढतं, हे त्यांनी दाखवलं. हाताखाली उशा दिल्या तर कळ अर्ध्यावर आली! पण उशा घसरतात.

तुम्ही जन्मभर लोकांच्या बुडाखालच्या गाद्या शिवल्यात. आता भावाच्या हनुवटीखालची एक शिवा. मी कळवलंय हे यांना सांगू नका.

तुमचा जीव आमच्यावर आहेच, तसाच राहू द्या.
तुमची वहिनी


८ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुमचं अक्षर पाकिटावर बघितलं आणि आधी खुर्चीत बसलो, मगच फोडलं. पूर्ण वाचून होईपर्यंत कारखान्यात दोन जण येऊन गोंदाचा डबा कुठे आहे विचारून गेले. मी काय सांगितलं ते आठवत नाही.

असं करतो. जाड तार वाकवून हलकी चौकट. खालची बाजू छातीच्या हाडावर टेकेल, वर हनुवटीखाली एक अरुंद पट्टी, मागे पट्टा आणि बक्कल. गळ्यासमोर काहीच नाही. त्यावर बसच्या सीटांना वापरतो तो नव्हे, चांगला मऊ फोम आणि पातळ कातडं. खुर्चीच्या दोन्ही हातांवर अडकवायला पन्हळीसारख्या खोलगट गाद्याही शिवतो, म्हणजे हात त्यात पडून राहतील, घसरणार नाहीत.

मला तीन मापं पाठवा: मानेचा घेर, छातीच्या हाडापासून हनुवटीपर्यंतची उंची आणि जबड्याची रुंदी. टेप दादाचीच घ्या, पितळी टोकाची. बाजारातल्या ताणतात.

की मीच येऊन माप घेऊ? दीड वर्ष झालं, दादाला बघितलेलं नाही. दर वेळी निरोप येतो, ‘पुढच्या महिन्यात ये.’ असे अठरा पुढचे महिने झाले, वहिनी. एकदा विचारून बघा. तो खोलीबाहेर हो म्हणाला तर खोलीबाहेर बसेन.

तुमच्या रागाला पात्र आणि लोभाचा हावरा,
धाकटा दीर


११ फेब्रुवारी

चि. भावजी यांस,
अ. उ. आ.

मापं घेतली. आज सकाळी आंघोळ घालून, केस विंचरून यांना खुर्चीत बसवलं, टेप माझ्या गळ्यात अडकवली आणि समोर उभी राहून म्हटलं, साहेब, माप द्यायचंय. आणि काय सांगू, मान वर आली! खांदे मागे, हनुवटी उचललेली, नजर सरळ भिंतीवर. लग्नाच्या फोटोत उभे आहेत ना, अगदी तसे. मला हसू आलं. घाईघाईने टेप लावली. घेर साडेचौदा इंच, उंची साडेचार, जबडा पावणेपाच. लिहून होईपर्यंत डोकं पुन्हा खाली.

टेप बघितल्यावर कोण बनवतंय ते यांना कळलंच. रागावले नाहीत. पण तुमच्या येण्याचं विचारलं तर पाटीवर ‘पुढ’ एवढी दोन अक्षरं झाली आणि पुढचं मीच ओळखलं. कारण मला ठाऊक आहे, तुम्हालाही असणार. दुकानात शिवणकामाला बसवलं तेव्हा लाकडी पट्टी तुमच्या पाठीत टोचून हेच ओरडायचे ना, मान मोडून शिवू नकोस, मान वर? त्यांना तुमच्यापुढे मान पडलेली दाखवायची नाही. मी बायको आहे, माझ्यापुढे चालतं. तुमच्यापुढे नाही. तेव्हा सध्या हट्ट धरू नका.

लवकर करा. आजचं जेवण म्हणजे सहा चमचे सूप.

आठवणीत ठेवा, आम्ही ठेवतोच.
वहिनी


१९ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पार्सलमध्ये हातांच्या दोन गाद्या आणि मानेची चौकट आहे. चौकट तीनदा उसवून शिवली, तेव्हा मनाला पटली. साडेचार इंचाची उंची केसभरही इकडेतिकडे नाही. आकडा वाचून बरं वाटलं, वहिनी. माझ्या डोळ्यांपुढे वेगळंच चित्र होतं. दादाची मान अजून एवढी सरळ आहे म्हणजे बरंच हातात आहे.

एकच विनवणी. पहिल्यांदा घालताना मुकादमबाई समोर असू द्या.

आशीर्वादाची भूक असलेला,
धाकटा


२४ फेब्रुवारी

भावजी,

मायना लिहायचं त्राण नाही, राग मानू नका. मानलात तरी चालेल, कारण मीही रागात आहे.

गाद्या उत्तम. हात त्यात ठेवल्यावर यांनी डोळे मिटून लांब श्वास सोडला, तो मी महिन्याभरात ऐकला नव्हता. त्या श्वासानेच मला भुलवलं. गुरुवारपर्यंत थांबायचा धीर धरला नाही. काल दुपारी चौकटही घातली. डोकं ताठ उभं राहिलं. मी सूप आणलं. पहिला चमचा गेला. दुसऱ्याला ठसका लागला आणि थांबेचना. श्वास आत जाईना, ओठ निळे पडायला लागले. मी मागचं बक्कल शोधतेय, ते बोटांना सापडतंय आणि सुटत नाहीये. शेवटी भिंतीवरची यांची कापडाची कात्री ओढली आणि पट्टा कापला. डोकं पुढे पडलं, तोंडातलं बाहेर आलं, श्वास चालू झाला. हातातली कात्री खाली ठेवायला मला बराच वेळ लागला.

मुकादमबाईंना फोन केला, त्या धावत आल्या. चौकट लावून बघितली आणि म्हणाल्या, हनुवटी फारच उंच धरलीय. मान अशी वर ताणली की घास चुकीच्या वाटेने जातो. शिवाय ज्या स्नायूंना ताकदच नाही त्यांना ओढून धरल्यावर कळ वाढणारच. हे माप कुठून आणलं, असं मला विचारलं. तुम्ही इतक्या वर्षांचे कारागीर. अशा कामाला तुमच्या दादांनी अख्खा शर्ट उसवायला लावला असता.

आणखी एक किलो गेलं. अठरा तारखेला तीन आठवडे उरलेत. चौकट परत पाठवतेय.

वहिनी


२७ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

चौकट मिळाली. कापलेला पट्टा आधी हातात घेतला. बक्कल माझं, ते तुमच्या घाबऱ्या हाताला सुटलं नाही, हा गुन्हा माझाच. त्याची सबब सांगणार नाही.

मग उंची मोजली. साडेचार. खरं सांगतो, पहिल्यांदा तुमच्यावरच चिडलो, की मापच चुकीचं पाठवलंत. तुमचं अकरा तारखेचं पत्र काढून पुन्हा वाचलं. ‘मान वर आली’ असं तुम्ही स्वच्छ लिहिलंय, वहिनी. मी आकडे वाचले आणि ती ओळ नुसती आनंदाने वाचली.

दुकानात गिऱ्हाईक टेप बघितली की पोट आत घ्यायचं, आठवतं? दादा काय करायचा? टेप खाली ठेवायचा आणि विचारायचा, घरी सगळे बरे आहेत ना? माणूस बोलायला लागायचा, पोट सुटायचं, आणि तेवढ्यात दादाचं माप घेऊन झालेलं असायचं. मला सांगायचा, टेपला दाखवलेलं माप घ्यायचं नाही, विसरलेलं घ्यायचं. हे ज्याने शिकवलं त्याने स्वतः टेप बघून मान ताणली, आणि ज्याला शिकवलं तो फसला. एवढ्यासाठी त्याला कोणी दोष देऊ नये. त्याच्या जागी मीही ताणली असती.

आता माप दुपारी घ्या, थकून डोकं जिथे आपोआप थांबतं आणि मुकादमबाई ठीक म्हणतात तिथे. टेप दाखवू नका. दादा खिडकीकडे बघत असताना दोरा धरा आणि मग दोरा मोजा. नवं बक्कल असं बसवतोय की एक टोक ओढलं की सुटेल. डोळे बांधून सात वेळा सोडवून बघितलं.

माझ्यावर रागवायचं तेवढं रागवा, पण पत्र थांबवू नका.
धाकटा


६ मार्च

चि. भावजी यांस,
अ. उ. आ.

तुमच्या दोऱ्याने घात केला. सोमवारी दुपारी हे खिडकीबाहेर बघत होते, मी मागून आले, हनुवटीखाली दोरा धरला. अख्खा जन्म दोऱ्यात काढलेला माणूस तो. तुमच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. गालाला दोरा लागताच कळलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि डोळे मिटले. दोन दिवस पाटीसमोर पापणी हलवली नाही. दिवसाला पाच चमचे. चोरून माप घ्यायला मी काय परकी होते का, हे त्यांनी न बोलताही मला ऐकू येत होतं.

काल माझं डोकंच फिरलं. तुमची सगळी पत्रं आणली, खुर्ची ओढून समोर बसले आणि पहिल्यापासून मोठ्याने वाचली. माझीही काय लिहिली होती ते सांगितलं, जिन्यातलं रडणंसुद्धा. म्हटलं, ऐका, तुमच्या मागे आम्ही दोघं काय कारस्थानं करतो ते. पोट आत घेणाऱ्या गिऱ्हाइकापाशी आल्यावर यांच्या नाकातून फुसफुस आवाज यायला लागला. मी घाबरून वर बघितलं. हे हसत होते, भावजी. हसता हसता डोळे भरले, मग माझेही.

मग नजर पाटीकडे गेली. आज मुकादमबाई असताना भरदुपारी माप झालं, यांनी सांगितलं तसं. मग दोन बैठकांत यांनी तुम्हाला पत्र सांगितलं, ते याच पाकिटात आहे. त्यात मी माझ्या पदरचं एकच घातलं, आशीर्वाद. त्यावर कटकट झाली की अक्षरं फुकट गेली, पण खोडू दिलं नाही.

लोभ आहे तेवढा राहू द्या; वाढला तर मी नको म्हणणार नाही.
वहिनी


चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

साडेचार चूक. मी ताणली. दोष गिऱ्हाइकाचा.

खरं माप तीन इंचाला एक सूत कमी. दुपारी चारला. टेपने. मान सोडून.

डोकं उजवीकडे जास्त झुकतं. तिथे फोम जाड घे.

कापलेला पट्टा बघितला होता. टाके बारीक. चांगले. बक्कल मात्र गाढवाने बसवलं होतं.

पट्ट्याला आतल्या बाजूने तीन भोकं जास्त पाड. मी अजून बारीक होणार.

ट्रायलशिवाय पक्की शिवण मारू नकोस. गिऱ्हाईक दुकानात येऊ शकत नाही. शिंप्याने यावं.

दुपारी ये. सकाळी नको.

दादा